फुगवटा

पैठणच्या वर, धरणाच्या पाठीमागं
सांडू भोयानं चप्पूला शीड लावलं.
शीड म्हणजे कुण्या भाऊसाहेबांच्या वाढदिवसाचा फलक,
चौकातून उतरवलेला, मधोमध घडी पडलेला.
वारा भरला की भाऊसाहेबांचे गाल फुगतात,
वारा पडला की ते एकाएकी म्हातारे होतात.

"तू जहाजावर होतास ना," सांडू मनला,
"धर मग दोरी."
एकवीस वर्षं मी इंजिनाच्या पोटात काढली,
तेल पुसत, लोखंडाआडून समुद्र ऐकत.
शिडाची दोरी हातात आज पहिल्यांदा.
हे त्याला सांगितलं नाही.

माघाचा वारा, पाठीत टोचणारा.
फुगवट्याचं पाणी जमिनीत जिथं जिथं बोटं खुपसतं
त्या बोटांना सांडूकडं नावं आहेत:
शाळेचं बोट, गुऱ्हाळाचं,
मसणवट्याचं.
खाली गाव आहे हे तो सांगत नाही,
वल्हं उभं घालून खोली बघतो आणि मनतो,
"इथं पिंपळ होता. जाळं अजून अडकतंय."

गुऱ्हाळाच्या बोटात रोहित उभे,
चोची उलट्या घालून चिखल चाळणारे,
वर्षअखेरीच्या कारकुनांसारखे गप्प.
आमची सावली पोचली तसे उठले,
आणि पांढऱ्याच्या आत दडवलेलं सगळं गुलाबी
एकदम उघडं पडलं.
"खाऱ्याकडून येतात," सांडू मनला,
"त्यास्नी धरण आडवं येत नाही."

शाळेचा ओटा यंदा पाण्याबाहेर आलाय.
त्यावर तीन ऊद, ओली, काळी, चकचकीत,
एक कटला डोक्याकडून खाऊ लागलेलं;
कडाकडा आवाज, चण्याची पुडी संपवल्यासारखा.
सांडूनं त्यांच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या.
महिन्याला दोन जाळी फाडतात.
मग हळूच,
"दोरी ढिली सोड. खाऊ दे त्याला निवांत."

मसणवट्याच्या बोटात वारा मेला.
रात्रीचा गळ ओढला तर जड लागलं,
हिसका नाही, नुसतं वजन,
जसं कुणी खालून दोरी धरून विचार करतंय.
वर आलं ते मनगटाएवढं जाड,
तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचं,
डोक्यामागं दोन पंख, तान्ह्याच्या कानांएवढे.

"अहिर," सांडू मनला. बराच वेळ पुढं काहीच नाही.
"बाप दाखवायचा. मी लहान होतो.
हे इथं जन्मत नाही, भाऊ.
आपली गंगा जिथं समुद्रात जाते, त्याच्याही पल्याड.
काचेच्या काडीसारखं पिल्लू उलटं चढत येतं,
आणि म्हातारपणी माघारी जातं, अंडी घालायला.
तिकडंच मरतं."
"मग हे वर चढलं कधी?"
सांडूनं भिंतीच्या दिशेनं बघितलं,
भिंत इथून दिसत नाही.
"काय माहीत," तो मनला.

त्याचे डोळे डोक्याच्या मानानं फार मोठे होते.
गंगापूरच्या बाजारात चांगला भाव आला असता,
सांडूच्या धाकटीचा चष्मा राहिलाय,
हे मला माहीत होतं, त्याला तर होतंच.
"पक्कड आहे का?" त्यानं विचारलं.
इंजिनवाल्याच्या खिशात पक्कड असतेच.
गळ ओठात रुतलेला, गंजका.
मी कापला.
हातभर बुळबुळीत थंडपण
माझ्या बोटांतून, घाई न करता, निघून गेलं.

लगेच बुडालं नाही.
चप्पूच्या कडेला राहिलं थोडा वेळ,
तोंड उगवतीकडं, धारेच्या बाजूला,
जिथं आता धार नाही.

"सत्तावीस दरवाजे आहेत," सांडू मनला.
"ज्या साली उघडतेत..."
बिडी पेटवण्यात वाक्य राहून गेलं.

परतताना वारा आला.
भाऊसाहेबांच्या गालात पुन्हा जीव.
मी दोरी घट्ट धरून बसलो,
पायाशी रिकामी पाटी, तीत पक्कड.
"उलटी धरलीस," सांडू मनला.
"सकाळपासून उलटीच धरलीस."